वाळ्याचे ठोंब मागवले होते, दोन पावसाळे झाले, आता लिहितोय

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात आमचं सव्वा एकर वरकस आहे, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. नागली, वरई आणि मग खुरासणी (कारळे) असा फेर चालतो, खाली थोडं भाताचं खाचर. दरवर्षी जुलैत मोठा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी तांबडं लाल व्हायचं आणि तो रंग आमच्याच वावराचा आहे हे दिसत होतं, दरवर्षी नांगराला दगड जास्त लागत होते. एक हिशोब केला तेव्हा पोटात कालवलं, एका गुंठ्यावरची फक्त एक सेंटीमीटर माती म्हणजे जवळपास एक घनमीटर होते, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. चाळीस गुंठ्यांचा एकर, करा गुणाकार.

दगडी बांध आबांच्या वेळचे आहेत, रोजगार हमीवर गेलेल्या माणसांनीच घातलेले, पण ते हद्दीप्रमाणे सरळ घातलेत, उतार बघून नाही. त्यामुळे पाणी बांधाला लागून एका टोकाला पळतं आणि तिथे बांध फोडतं, दरवर्षी तीच जागा परत रचायची. म्हणून वाळा लावायचं ठरवलं. वाळा म्हणजे माठात टाकतो तोच, त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा, त्यामुळे शेजारच्या पिकाचं फार खात नाही. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी कितीतरी पिढ्या बांधावर वाळा लावत आलेत, 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी हे गवत उचलून धरलं तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांना ते नवीन नव्हतं.

तर रोपं. एका नर्सरीतून फोनवर 1000 ठोंब, म्हणजे मुळासकट बुंधे, मागवले, 3 रुपयाला एक, ट्रान्सपोर्ट वेगळा. नाव लिहीत नाही, कारण माल चांगला निघाला, पॅकिंग वाईट होतं. ऐन जूनच्या उकाड्यात कोरड्या गोणीत दाबून भरलेले, वर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन दिवस पडून. गोणी उघडली तर मधल्या जुड्या गरम लागत होत्या, बुंधे दाबले की बोटाला चिकट पाणी येत होतं. तरी लगेच ओढ्याच्या पाण्यात उभे करून ठेवले, पाऊस लागल्यावर लावले. अडीचशेच्या आसपास मेले. फोन केला तर म्हणाले तुम्ही पाणी कमी दिलं असेल. खूप वाईट वाटलं, कारण पैसे गेलेच आणि ज्या जागी मेले तिथे फट राहिली. नंतर बऱ्याच फोननंतर शंभर पाठवले, ते मात्र ओल्या गोणपाटात आले आणि एकूणएक जगले.

ही फट म्हणजे काय ते पहिल्याच पावसात कळलं. वरच्या ओळीत एके ठिकाणी हातभर जागा मोकळी राहिली होती, सगळं पाणी तिथूनच घुसलं आणि खाली वीतभर खोल ओघळ पडली, तळाला नुसते दगड. बाकीच्या ओळीत पाणी अडलं, थबकलं आणि पानांतून गाळून खाली गेलं. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे, ओळी कमी करा पण ओळ दाट करा. आम्ही दोनच ओळी केल्या, प्रत्येकी साधारण 70 मीटर, वीतभराच्याही आत एक ठोंब. लोक पैसे वाचवायला फूटभरावर लावतात, मग दोन वर्षं फटीच बुजत नाहीत आणि म्हणतात वाळ्याने काही होत नाही.

आणि त्याआधी समपातळी रेषा काढा, हे वगळून चालणारच नाही. बांबूची ए फ्रेम केली, दोन पाय, मधे आडवी काठी, वरून दोरीला दगड बांधून ओळंबा. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी खुणेवर येते, तिथे खुंटी, मग एक पाय फिरवून पुढे. सकाळी वारा नसताना केलं तर दोरी हलत नाही. अर्ध्या दिवसात दोन्ही रेषा झाल्या. रेषा वाकडीतिकडी निघते, बघून वाटतं चुकलं, पण ती तशीच असते, सरळ करायला जाऊ नका.

आता दुसरा पावसाळा संपल्यावरचं सांगतो. दिवाळीत वरच्या ओळीपाशी बसून हात घातला तर ओळीच्या वरच्या अंगाला चार बोटं नवीन माती साचलेली, काळपट, मऊ, खुरासणीचा पाला आणि काटक्या त्यात अडकलेल्या. खालच्या अंगाला मात्र जुनी दगडाळ जमीनच. पाण्याचा रंग ओढ्यात अजून लालच असतो, वरच्या सगळ्या डोंगराचं पाणी येतं तिथे, आमच्या सव्वा एकराने काय फरक पडणार, पण आमच्या वावरातून खाचरात उतरणारं पाणी बरंच निवळ आलं हे मी पाहिलंय. नांगरटही आता आडवी करतो, उताराच्या दिशेने नाही, नाहीतर ओळी असून उपयोग नाही.

गुरांचं सांगायला पाहिजे. पहिल्या वर्षी कोवळी पानं शेजाऱ्यांच्या शेळ्यांनी खाल्ली, पन्नासेक ठोंब उपटले गेले. मोठा झाल्यावर पान चरचरीत होतं, मग जनावर फारसं तोंड लावत नाही. वर्षातून दोनदा गुडघ्याच्या खाली कापतो, कापलेली पानं नागलीच्या ओळींत अंथरतो. झाडाच्या सावलीत मात्र वाढतच नाही, आंब्याखालचे सगळे खुरटे राहिलेत.

घेताना एवढं विचारा की बी धरणारा आहे की न धरणारा. बी न धरणारा, दक्षिणेकडचा घ्या, तो शेतात इकडेतिकडे पसरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नका मागवू, पाऊस लागल्यावर मागवा आणि ओल्या गोणपाटात पाठवायला पैसे देण्याआधी कबूल करून घ्या. मुळं बोटभर, पान वीतभर ठेवून छाटूनच लावा.

मालाला पाचपैकी चार, पॅकिंगला एक. परत विकत घ्यायची गरज नाही, एकेका जुन्या ठोंबाला आता वीसच्या वर फुटवे आहेत. वरची फट मागच्या जुलैत त्यातूनच बुजवली. या जूनला तिसरी ओळ घरच्याच ठोंबांची लावतोय, वाडीतल्या तात्यांनी त्यांच्या बांधासाठी दोनशे मागितलेत, ते आधी काढून देणार.