एमजीए १५०० साठी इंजिन: मूळचे बांधायचे, अॅम्बॅसिडरचे घालायचे की जिप्सीचे?

एमजीए १५०० या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची (१९५५ ते १९५९) बॉडी चेसिसवरून उतरली, पत्र्याचे काम झाले, रंगही ठरला, की गाडी इंजिनवर येऊन अडते. नागपुरात बसून विचार केला तर तीनच वाटा खऱ्या. मूळचे १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन नव्याने बांधा. नाहीतर अॅम्बॅसिडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन घ्या, जे त्याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातले आहे. नाहीतर जिप्सीचे १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे) बसवा. व्ही-८ चा नाद इथे मुद्दाम सोडला आहे. एमजीएच्या अरुंद चेसिसमध्ये तो कापाकापीशिवाय बसत नाही.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी काढा आणि तिच्यातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या पट्टीशी ताडून पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. गाडी एमएच-३१ ची असेल तर आधी गिरीपेठच्या आरटीओत अर्ज, मग काम. परवानगी नसलेल्या फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. घातलेल्या इंजिनाचे बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची प्रत नसेल, तर कबाड्याने कितीही स्वस्त दिले तरी ते घेऊ नका. पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने काढलेला ठसा) घेताना नंबर कुठून आला हे विचारले जाणारच.

व्हिंटेज नोंदणीचा मुद्दा याहून मोठा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. जिप्सीचे इंजिन घातले की ही वाट बंद झाली असे समजा. पण व्हीए नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहज रामटेकला जाऊन यायचे असेल तर त्या नंबरचा हव्यास कशाला?

मूळ इंजिन

ब्लॉकला तडा नसेल आणि नंबर जुळत असेल, तर आमचे मत सरळ आहे: हेच बांधा. बोअर ७३.०२५ मिमी. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामे हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला नीट होतात, फक्त क्रम उलटा करू नका. पिस्टन आणि बेअरिंग आधी हातात येऊ द्या, मग त्यांच्या मापाने मशीनिंग. आधी २० थाऊ (इंचाचे वीस हजारांश) बोअर मारून मग त्या मापाचे पिस्टन शोधत बसले की गाडी सहा महिने स्टँडवर राहते.

या इंजिनात सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे क्रँकची मागची बाजू. तिथे रबरी सील नाही. क्रँकवरच पेचासारखी खाच कोरलेली असते आणि क्रँक फिरताना ती खाच तेल परत संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ढकलते. खाच आणि तिच्याभोवतीची कड यांच्यातली फट वाढली, किंवा रिंग झिजून क्रँककेसमध्ये गॅसचा दाब चढला, की तेल क्लचवर येते. मग मेकॅनिक क्लच प्लेट बदलत राहतो आणि गळती तशीच. म्हणून क्रँक ग्राइंडिंगला देताना ही खाच घासू नका असे ठणकावून सांगा, आणि ब्रीदरची (क्रँककेसमधला गॅस बाहेर सोडणारी) नळी मोकळी ठेवा.

एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या, कारण हे हेड शिशाच्या पेट्रोलसाठी होते. कॅम नवा असेल तर झिंकचे प्रमाण चांगले असलेले २०डब्ल्यू-५० तेल घाला, आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर न ठेवता वीस मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास चालवा.

आता नागपूरचा मे महिना. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि दोन्ही एसयू कार्ब्युरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतात. ४५ अंशांत व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभे राहिले की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते. इथेनॉल मिसळलेले तर लवकरच. हीट शील्ड, रेडिएटरला नवी कोअर, इथेनॉल सोसणारे पाइप आणि कार्ब्युरेटरला थोडी रिच (जास्त पेट्रोल देणारी) सुई एवढ्याने हा त्रास बराच आवरतो. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही, तरी जो तो तेच सुचवतो.

अॅम्बॅसिडरचे इंजिन

मूळ ब्लॉक गेला असेल तर हा सगळ्यात शहाणा पर्याय. आतले बरेचसे भाग देशातच मिळतात. इंजिन घेताना पेट्रोलचेच आहे ना हे पाहा. १४८९ सीसीचे डिझेलही निघत असे. जसेच्या तसे घातले तर गाडी मंद वाटेल, कारण त्याचे कॉम्प्रेशन कमी, कॅम सौम्य आणि कार्ब्युरेटर एकच. त्यामुळे खालचा ब्लॉक अॅम्बॅसिडरचा आणि हेड, कॅम, दोन एसयू, संप, पुढची प्लेट एमजीएची, असा मेळ घाला. एमजीएचे पुढचे माउंटिंग त्या प्लेटवरच असते. गिअरबॉक्सही एमजीएचाच ठेवा.

अडते ते मागच्या टोकाला. एमजीए १५०० च्या आधीच्या १५जीबी इंजिनात स्टार्टर खाली होता, नंतरच्या १५जीडीत तो वर गेला आणि त्याबरोबर बेलहाउसिंगही (गिअरबॉक्सचा क्लच झाकणारा पुढचा भाग) बदलले. तुमच्याकडचा गिअरबॉक्स कोणता हे आधी ठरवा, मग त्याच्याच जोडीची बॅकप्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर. एमजीएच्या टॅकोमीटरची (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरची) केबल कॅमच्या गिअरवरून फिरते. ब्लॉकवर ती सोय आहे का हे पैसे देण्याआधी बघा.

जिप्सीचे इंजिन

कागदावर जिप्सीचे ८० बीएचपी विरुद्ध एमजीएचे ७२. टॉर्क मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच, १०३-१०४ न्यूटन मीटर. फरक इतकाच की एमजीएला तो ३,५०० आरपीएमला मिळतो आणि जिप्सीला ४,५०० ला. म्हणजे शहरात जिप्सीचे इंजिन जास्त फिरवावे लागते. खरा फायदा पाचव्या गिअरचा (०.७९५). ४.३ च्या मूळ डिफरन्शिअलवर एमजीए १०० किमी वेगाला सुमारे ३,७०० आरपीएम घेते, तेच इथे ३,००० च्या आत येते. समृद्धीवरून लांब पल्ला मारायचा असेल तर हा फरक कानांनाच कळतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असल्याने नाकावरचे वजनही घटते.

जोडकाम मात्र मोठे. जिप्सीची ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, त्यामुळे ती काढून थेट प्रॉपेलर शाफ्ट जोडता येतो. पण स्पीडोमीटरची केबल त्या केसमधूनच निघते, ती गेली. जिप्सीचा क्लच केबलचा, एमजीएचा हायड्रॉलिक. एमजीएचे वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचे (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले), ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) निगेटिव्हच लागते. पंपाला अडीच-तीन बार दाब आणि टाकीपर्यंत रिटर्न लाइन हवी. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले की जुन्या टाकीत पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये छोटी स्वर्ल टाकी (पंपाजवळ कायम पेट्रोल साठवून ठेवणारी) बसवा. हार्नेस (वायरिंगचा जुडगा), ईसीयू आणि सेन्सर एकाच गाडीचे घ्या. वेगवेगळ्या जिप्सींमधून गोळा केलेले सामान आठवडे खाते.

माउंटिंगचे ब्रॅकेट चेसिसला वेल्ड न करता मूळ भोकांत बोल्टने बसतील असे बनवून घ्या. काढलेले बी-सिरीज इंजिन विकू नका: प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, प्लग परत लावा, नंबरची पट्टी ब्लॉकवरच राहू द्या आणि पावसाळ्यात दर महिन्याला क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवा.