चुका जपून ठेवणारा संच : ‘ब्लेड रनर’च्या पाच आवृत्त्या

विज्ञानपटांमधल्या चित्रीकरणाच्या चुका शोधण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांनी संग्रही ठेवावा असा एक डिस्क-संच गेल्या पावसाळ्यात हाती आला आणि नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरी, भिंतीवर प्रोजेक्टर लावून, मित्रमंडळींसोबत तो सगळा पाहून झाल्यावरच हे परीक्षण लिहायला घेतले आहे. रिडली स्कॉट यांच्या १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’चा हा पाच डिस्कचा संच २००७ साली निघाला. एकाच चित्रपटाच्या पाच आवृत्त्या त्यात आहेत: डेन्व्हर आणि डॅलस इथे चाचणीसाठी प्रेक्षकांना दाखवलेली कच्ची प्रत, १९८२ मध्ये अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर लागलेल्या दोन आवृत्त्या, १९९२ची ‘डायरेक्टर्स कट’ आणि स्कॉट यांनी स्वतः लक्ष घालून पूर्ण केलेली ‘फायनल कट’. शिवाय चित्रपट कसा घडला हे सांगणारा सुमारे साडेतीन तासांचा माहितीपट आहे.

हा संच मला मोलाचा वाटतो तो एका कारणासाठी. शेवटच्या आवृत्तीत जुन्या चुका दुरुस्त केल्या आहेत आणि आधीच्या आवृत्त्यांत त्या जशाच्या तशा राहू दिल्या आहेत. चूक आणि तिची दुरुस्ती एकाच खोक्यात मिळते.

सर्वांत ठळक चूक झोराच्या मृत्यूच्या प्रसंगात आहे. पळून आलेल्या कृत्रिम मानवांना शोधून संपवणे हे कथानायक डेकार्डचे (हॅरिसन फोर्ड) काम आणि झोरा त्यांतलीच एक. त्याच्या गोळीने घायाळ झालेली झोरा दुकानांच्या काचा फोडत धावते. हा प्रसंग पारदर्शक रेनकोट, निऑन दिवे आणि पुतळ्यांमुळे इतका देखणा झाला आहे की पहिल्यांदा पाहताना डोळा भुलतो. आमच्यासोबत बसलेले शेजारचे काका मात्र भुलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटांतले दोष शोधण्यात गेली. दुसरी काच फुटायच्या आत ते म्हणाले, “थांबवा, थांबवा. ही ती बाई नव्हे. हा केसांचा टोप आहे.” चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे नेली, तेव्हा चेहरा स्पष्ट दिसला. अभिनेत्री जोआना कॅसिडी यांच्या जागी साहसदृश्ये करणारी दुसरीच स्त्री धावत होती आणि तिचा टोप कपाळापाशी नीट बसलेलाही नव्हता. ‘फायनल कट’साठी कॅसिडी यांना पंचवीस वर्षांनी पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले, त्यांच्या मानेच्या हालचाली जुन्या दृश्याशी जुळवून घेतल्या गेल्या आणि त्यांचा चेहरा त्या धावणाऱ्या देहावर बसवला गेला. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावून पाहिल्या, तरच या कामातली नजाकत कळते.

दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे आणि माझी विशेष आवडती आहे. या कृत्रिम मानवांचा म्होरक्या रॉय बॅटी पडद्यावर प्रथम येतो, तेव्हा तो टेलिफोन बूथमध्ये एकटाच असतो. तरीही जुन्या आवृत्त्यांत त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी अंगठा दिसतो. ते दृश्य मुळात त्या जागेसाठी चित्रित झालेलेच नव्हते. रॉय आपल्या निर्मात्याला, म्हणजे टायरेलला भेटतो त्या पुढच्या प्रसंगातला तो तुकडा संकलनाच्या वेळी उचलून अलीकडे आणला गेला आणि टायरेलच्या हाताचा अंगठा त्याच्यासोबत आला. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही आणि एकदा टिपलेला तुकडा संकलक गरजेप्रमाणे कुठेही जोडतो, हे आपण ऐकून असतो; इथे त्याचा पुरावा खांद्यावर बसलेला दिसतो. नव्या आवृत्तीत तो पुसून टाकला आहे.

हिशेबाची चूक तर सगळ्या कथेलाच हात घालते. पळून आलेले कृत्रिम मानव सहा असून त्यांतला एक विजेच्या कुंपणात जळून मेला, असे पोलीस अधिकारी ब्रायंट डेकार्डला सांगतो. मग उरायला हवेत पाच. प्रत्यक्षात दिसतात चारच: रॉय, लिऑन, प्रिस आणि झोरा. मेरी नावाचे आणखी एक पात्र लिहिले गेले होते, त्यासाठी अभिनेत्रीही निवडली होती, पण खर्च आवरण्यासाठी ते गाळले गेले आणि संवादातला आकडा तसाच राहिला. पाचवा म्हणजे खुद्द डेकार्डच, असा तर्क चाहत्यांनी या विसंगतीवर वर्षानुवर्षे लढवला. ‘फायनल कट’मध्ये ब्रायंट एकाऐवजी दोघे जळाल्याचे सांगतो आणि बेरीज जुळते. दुरुस्ती रास्त आहे. मात्र ज्याला त्या तर्काचे मूळ पाहायचे आहे, त्याला १९८२ची प्रत लावल्यावाचून गत्यंतर नाही.

बाकीच्या दुरुस्त्या थोडक्यात सांगतो. पोलिसांची उडती गाडी पावसात वर उचलली जाते तेव्हा तिला ओढणाऱ्या तारा दिसत होत्या, त्या काढल्या आहेत. सापाच्या खवल्यावरचा क्रमांक पडद्यावर एक आणि तो तपासणाऱ्या बाईच्या तोंडी दुसराच होता, तो जुळवला आहे. साप विकणाऱ्या माणसाशी बोलताना डेकार्डचे ओठ आणि शब्द यांचा मेळ नव्हता. तिथे हॅरिसन फोर्ड यांच्या मुलाचे ओठ वापरून तो साधला आहे. शेवटी रॉयच्या हातून सुटलेले कबुतर मुसळधार पावसाच्या रात्रीतून एकदम निळ्या, कोरड्या आकाशात उडत असे, ते आता रात्रीच्याच आकाशात उडते. यांतली तारांची चूक भिंतीवर मोठी करून पाहिल्याशिवाय आम्हाला सापडली नाही, कबुतराची मात्र बैठकीतल्या शाळकरी मुलींनीही ओळखली.

या दुरुस्त्यांची गरज पडायला चित्राची सफाईही कारणीभूत आहे. डग्लस ट्रम्बल आणि सहकाऱ्यांनी केलेली विशेष दृश्ये ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपली होती आणि नव्या आवृत्तीसाठी ती ८के दर्जात, म्हणजे आडव्या ओळीत सुमारे आठ हजार ठिपके इतक्या बारकाईने, स्कॅन केली गेली. इतक्या स्वच्छ प्रतीत धूर आणि पाऊस यांच्या आडोशाला लपलेले सगळे उघडे पडते. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर तार शोधायला कुणी बसले नसते.

‘स्टार वॉर्स’शी तुलना करून पाहावी. १९७७च्या त्या चित्रपटात एका शिपायाचे शिरस्त्राण दाराच्या चौकटीवर आपटते. २००४च्या डीव्हीडीत त्या आपटण्याला आवाजही जोडला गेला. हा प्रेमळ स्वीकार मला आवडतो. परंतु मूळ प्रदर्शित आवृत्ती २००६ मध्ये केवळ डीव्हीडीची पुरवणी म्हणून, साध्या दर्जाच्या चित्रासह दिली गेली, हे जिव्हाळ्याने चित्रपट पाहणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. ज्या नाशिकमध्ये दादासाहेब फाळक्यांनी आपली चित्रपट कंपनी चालवली, तिथल्या माणसाला तर हे अधिकच जाणवते. त्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि सीतेचे पिळदार दंड प्रेक्षकांच्या लक्षात येत, असे सांगितले जाते. ते दंड कुणी संगणकावर झाकले असते, तर त्या काळी सीतेच्या भूमिकेसाठी स्त्री मिळणे किती अवघड होते, ही गोष्टही त्यासोबत झाकली गेली असती.

संचात उणिवा आहेत. एकच प्रसंग दोन आवृत्त्यांतून शेजारी-शेजारी लावून पाहण्याची सोय नाही. तुलना करायची म्हणजे डिस्क काढा, दुसरी घाला, प्रसंग शोधा, असा खटाटोप करावा लागतो आणि तोवर पहिल्या चित्रातला बारकावा डोळ्यांपुढून निसटतो. आम्ही दोन प्लेअर जोडून हा प्रश्न सोडवला, पण ते प्रत्येकाला जमणारे नाही. कच्ची प्रत पाहायला जड जाते. चित्र मळके आहे आणि काही ठिकाणी तात्पुरते लावलेले संगीत ऐकू येते. ‘फायनल कट’च्या रंगांत हिरवट-निळी छटा जास्त झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, झोराच्या प्रसंगातले दिवे जुन्या प्रतीत अधिक उबदार वाटतात. मराठी उपशीर्षके नाहीत, त्यामुळे इंग्रजी न समजणाऱ्या ज्येष्ठांना हिशेबाची चूक मला शब्दाशब्दाने समजावून सांगावी लागली.

हा संच आता बहुधा जुन्या मालातच मिळेल. डीव्हीडी घेत असाल तर प्रदेश-क्रमांक (डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा) तपासूनच घ्या, कारण भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १ आहे. ब्लू-रेसाठी भारत सी गटात आणि अमेरिका ए गटात मोडते. पाहण्याचा क्रम म्हणाल तर आधी १९८२ची आवृत्ती न थांबवता पूर्ण पाहावी, दुसऱ्या खेपेस रिमोट हाती घेऊन तीच पुन्हा पाहावी, नंतर ‘फायनल कट’ लावावी आणि माहितीपट सर्वांत शेवटी ठेवावा, कारण कोणती चूक कुठे आहे हे त्यात आधीच सांगून टाकलेले असते.