एमपीआयमधे डेटाटाइपचं नाव शोधायचंय: स्वतःचा टेबल, गेट_नेम की एन्व्हेलप?

एमपीआय म्हणजे अनेक प्रोसेसनी एकमेकांना मेसेज पाठवायचं स्टँडर्ड, आणि डेटाटाइप म्हणजे पाठवायचा डेटा कुठल्या प्रकारचा आहे ते. लॉगमधे "टाइप = 1275069445" छापून आलं की हा कुठला टाइप म्हणून शोधाशोध सुरू होते. एमपीआयसीएच 3 मधे (ही एमपीआयची एक लायब्ररी, ओपन एमपीआय ही दुसरी) हा आकडा म्हणजे साधा एमपीआय_इंट, हेक्समधे 4सी000405, त्यातला शेवटून दुसरा बाइट 04 म्हणजे साइज 4 बाइट. ओपन एमपीआयमधे मात्र हँडल (टाइप ओळखायची खूण) म्हणजे पॉइंटर, तिथे आकडा बघून काहीही कळत नाही.

स्वतःचा टेबल (कुठल्या हँडलचं कुठलं नाव याची यादी) तर बहुतेक सगळेच आधी लिहितात. इफ-एल्सने == लावून चेक केलं तर चालतं, पण स्विच-केस लिहाल तर एमपीआयसीएचवर कंपाइल होईल आणि ओपन एमपीआयवर अडेल, कारण केसला इंटीजर कॉन्स्टंट लागतो. आणि तुम्ही बनवलेला स्ट्रक्ट टाइप त्या टेबलात नसतोच.

माझं मत एमपीआय_टाइप_गेट_नेमला. 1997 च्या एमपीआय-2 पासून आहे, बिल्ट-इन टाइपची नावं आयती मिळतात. स्वतःच्या टाइपसाठी मात्र रिकामी स्ट्रिंग येते, म्हणून कमिट (टाइप वापरायला तयार) केल्या केल्या सेट_नेम करून टाका, आणि ते प्रत्येक रँकवर (म्हणजे प्रत्येक प्रोसेसमधे) करा, कारण नाव त्या प्रोसेसपुरतंच राहतं. बफर कायम एमपीआय_मॅक्स_ऑब्जेक्ट_नेम एवढाच घ्या (स्टँडर्डप्रमाणे किमान 64, एमपीआयसीएचमधे 128). मी एकदा 32 चा घेतला होता, एका लांबलचक नावाने शेजारच्या काउंटरवरच लिहिलं आणि चूक भलत्याच फंक्शनमधे शोधत बसलो. पायथनवाल्यांना ही कटकट नाही, एमपीआय4पाय मधे डेटाटाइपला .नेम लावलं की झालं.

फक्त नावाची स्ट्रिंग कंपेअर करून निर्णय घेऊ नका हो! लाँग_लाँग आणि लाँग_लाँग_इंट एकच टाइप आहे, त्यातलं कुठलं नाव परत येईल यावर कोड अवलंबून ठेवायचा नाही, तिथे == च बरं.

एन्व्हेलप (एमपीआय_टाइप_गेट_एन्व्हेलप) नाव देत नाही, टाइप कसा बनलाय ते सांगतो: नेम्ड (म्हणजे बिल्ट-इन), व्हेक्टर, स्ट्रक्ट वगैरे. दुसऱ्याने बनवलेला टाइप तुमच्या लायब्ररीत येणार असेल तर हाच लागतो. नेम्ड आलं की तिथेच थांबा, त्यावर गेट_कंटेंट्स (आतले टाइप काढून देणारं फंक्शन) मारलं तर एरर. बाकीच्यांमधे आत उतरत जा, आणि आतून मिळालेले बिल्ट-इन सोडून बाकी टाइप फ्री करायला विसरू नका, नाहीतर मेमरी लीक होते.