ओपिनेल क्रमांक 8: रानात, घरात आणि डोंगरावर चालणारा घडीचा चाकू

साताऱ्यात राहून रानातली आणि डोंगरावरची कामे एकाच चाकूने करायची असतील, तर फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 मध्ये सुरू झालेल्या ओपिनेल चाकूंपैकी 8 क्रमांकाचा चाकू मी निःसंकोच सुचवेन. त्याचे साडेआठ सेंटिमीटरचे पाते पातळ असल्यामुळे ठिबकची नळी एका दाबात सरळ कापली जाते आणि पिकलेल्या टोमॅटोची चकतीही न चुरगळता निघते. मुठीच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे फिरवले की उघडे पाते पक्के अडकते, त्यामुळे ते बोटांवर मिटण्याची भीती राहत नाही. घडीच्या चाकूत सर्वांत आधी हेच पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

कार्बन पोलादाच्या पात्याला दगडावर चटकन धार येते, परंतु कैरी कापून ते तसेच मिटले तर काळे डाग पडतात. म्हणून कास-बामणोलीच्या पावसात हिंडणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावा. बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाची मूठ मात्र ओलीने फुगते आणि पाते उघडताना अडते. पावसाळ्यापूर्वी तिला जवसाचे तेल पाजले, तर हा त्रास बराच कमी होतो. नारळ सोलणे किंवा फांद्या तोडणे हे कोयत्याचे काम असून ते या चाकूकडून करून घेऊ नये.