फ्लॅशओव्हरचा अंदाज: ईएसडीडी, लीकेज करंट की न्यूरल नेटवर्क?

वीजवाहिनीच्या तारा खांबापासून विलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर मिठाचा किंवा सिमेंटचा थर कितीही साचला, तरी तो कोरडा असेपर्यंत फारसं काही होत नाही. धुकं, दव किंवा रिमझिम आली की थर ओला होतो आणि त्यातून लीकेज करंट, म्हणजे पृष्ठभागावरून झिरपणारा प्रवाह, वाहू लागतो. करंटची दाटी जिथे जास्त, तिथला पट्टा सुकतो, आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर येऊन तिथे आर्क पेटतो. बहुतेक वेळा तो विझतो. कधी मात्र सरकत सरकत दुसऱ्या टोकाला पोचतो; हाच फ्लॅशओव्हर.

नवी लाइन उभारायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: थर मोजा आणि सूत्र वापरा. इन्सुलेटरवरचा थर ठरावीक मापाच्या शुद्ध पाण्यात धुऊन घ्यायचा, त्या पाण्याची वाहकता मोजायची आणि तिच्यावरून दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मिठाइतका थर आहे ते काढायचं. हा ईएसडीडी, म्हणजे समतुल्य मीठ-थराची घनता. माती, सिमेंट यांसारखा न विरघळणारा भागही वेगळा मोजावा, कारण तोच पाणी धरून ठेवतो. मोजणी निदान वर्षभर चालवावी. आपल्याला सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा हवा.

सूत्र येतं ते अभियंता ओबेनाउसने १९५८ मध्ये मांडलेल्या मॉडेलमधून. त्यात आर्क आणि उरलेल्या थराचा रोध एकसरीत धरतात. आर्कच्या व्होल्टेज-करंट संबंधातला घातांक नेहमीच्या वापरातला ०.७६ घेतला, तर थराची वाहकता दुप्पट झाल्यावर फ्लॅशओव्हर व्होल्टेज साधारण पाव भागाने उतरतं. पण हे सूत्र थर सगळीकडे सारखा आहे असं मानतं. प्रत्यक्षात पाऊस डिस्कची वरची बाजू धुतो, खालच्या कंगोऱ्यांतली घाण तशीच राहते.

इथे एक चूक फार महागात पडते. आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत क्रीपेज अंतर (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं दोन टोकांमधलं अंतर) फेज-टू-अर्थ, म्हणजे तार ते जमीन, व्होल्टेजवर मोजलं आहे: अगदी हलक्या प्रदूषणाला दर केव्हीला २२ मिमी, अतितीव्र प्रदूषणाला ५३.७ मिमी. १९८६ चे १६ ते ३१ मिमी हे आकडे फेज-टू-फेज, म्हणजे दोन तारांमधल्या, व्होल्टेजवरचे होते. जुना आकडा नव्या व्होल्टेजवर लावला, तर क्रीपेज १.७३ पटीने कमी पडतं.

चालू उपकेंद्रात प्रश्न वेगळा असतो: इन्सुलेटर आज धुवायचे की पुढच्या आठवड्यात? तिथे लीकेज करंटची सततची नोंद उपयोगी. करंटच्या स्पंदांची उंची आणि संख्या वाढू लागली, की धोका जवळ आला हे थेट कळतं. तिची मर्यादाही मोठी आहे. कोरड्या हवेत अतिशय मळलेली स्ट्रिंगही (इन्सुलेटरची माळ) गप्प असते. बोलते ती ओली झाल्यावर, आणि तेव्हा हातात वेळ थोडा असतो. म्हणून नुसत्या करंटच्या भरवशावर धुण्याचं वेळापत्रक लांबवू नका. कोरड्या दिवसांत अधूनमधून ईएसडीडी काढत राहाच.

उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी पद्धतीबद्दल, म्हणजे न्यूरल नेटवर्कबद्दल, मी सावध आहे. उंची, व्यास, क्रीपेज आणि ईएसडीडी देऊन क्रिटिकल व्होल्टेज (ज्याला फ्लॅशओव्हर होतो ते) काढणारी नेटवर्कं प्रयोगशाळेच्या आकड्यांशी छान जुळतात. पण तो डेटा बहुधा एकसारख्या कृत्रिम थरावरचा असतो, म्हणजे सूत्राचाच दोष इथेही येतो. शिवाय प्रत्यक्ष लाइनवर फ्लॅशओव्हर विरळ घडतात, त्यामुळे शिकायला उदाहरणं तुटपुंजी. स्वतःच्या लाइनची कित्येक वर्षांची हवामान आणि करंटची नोंद असेल तरच या वाटेला जा.

आणि इन्सुलेटर सिलिकॉन रबरचे असतील, तर हे तिन्ही मार्ग जसेच्या तसे लावू नका. सिलिकॉनमधले हलके रेणू वर येऊन थरालाही पाणी झटकायला लावतात. ईएसडीडी जास्त निघतो, करंट तरी नगण्य. तिथे आधी पाण्याचा फवारा मारून पृष्ठभागावर थेंब सुटे राहतात की पाण्याचा सलग पापुद्रा धरतो ते बघा. पापुद्रा धरत असेल, तर तो भाग चिनी मातीचाच आहे असं समजून हिशोब करा.