मोफत कायदेसेवेचं काम करायचंय: कॉलेजचं केंद्र की जिल्हा प्राधिकरण?

एलएलबी करताना गरजूंना कायद्याची मदत करावी असं मनात असेल, तर महाराष्ट्रात मुख्य पर्याय दोन. एक, आपल्याच कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र. दुसरा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक, म्हणजे सगळे म्हणतात तसं 'पीएलव्ही' (पॅरा-लीगल व्हॉलंटिअर), होणं. दोन्हींच्या मुळाशी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. विद्यार्थ्यांनाही पीएलव्ही होता येतं, पण फक्त सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत.

एक मर्यादा दोन्हीकडे सारखीच. सनद नसताना तुम्ही कोणाचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. म्हणून निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगेन: आज भेटलेल्या माणसाचं काम पुढे कुठवर गेलं, हे तुम्हाला कुठे राहून कळेल?

कॉलेजच्या केंद्रात शिरणं सोपं. प्राध्यापक पाठीशी असतात, वेळापत्रक सांभाळलं जातं, अर्ज लिहायला शिकता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी हे चांगलंच आहे. पण अनेक केंद्रांचं काम शिबिरांपुरतं उरतं. गावात जायचं, महिलांच्या हक्कांवर भाषण द्यायचं, पथनाट्य करायचं, फोटो काढून परतायचं. शिबिर संपल्यावर एखादी बाई पोटगीचं विचारायला थांबते. तिला 'तालुका कोर्टात जा' एवढंच सांगून पाठवलं तर ती तिथे पोहोचतेच असं नाही. परीक्षा आणि सुट्टीत केंद्र बंद पडलं, तर तिने कोणाला विचारायचं?

प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि सचिव न्यायाधीश असतात. तिथे काम रोजचं, खरं. आलेल्याला या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो का, ते आधी पाहायचं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. सुशिक्षित घरांतल्या बायकांनाही हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. मग अर्ज भरून घेणं, कागद जुळवणं, वकील नेमला गेला का त्याचा पाठपुरावा.

सगळ्यात मोलाचं काम मला तुरुंगातलं वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून अधिक प्रकरणं चालू असतील तरी हा लाभ नाही. अटकेची तारीख, कलमं, आधीची प्रकरणं हे सगळं कोणीतरी बसून तपासावं लागतं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणसं आत राहतात. त्यांच्या घरी फोन लावणं, जामीनदाराची कागदपत्रं मिळवायला घरच्यांना मदत करणं, या कामाला सनद लागत नाही, चिकाटी लागते.

प्राधिकरणाच्या वाटेच्या अडचणीही सांगायला हव्यात. नेमणूक मनात आलं की होत नाही. अर्ज मागवले जातात, निवड होते, प्रशिक्षण होतं. काम कोर्टाच्या वेळेत, म्हणजे नेमकं लेक्चरच्या वेळेत. मानधन मिळतं ते नेमून दिलेल्या कामाच्या दिवसांचं, त्यावर खोलीभाडं निघेल असं धरू नका.

इंटर्नशिपचा हिशेब करत असाल तर तो वेगळा ठेवा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. तेवढ्यासाठी एखादी स्वयंसेवी संस्था पुरेशी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष कॉलेजच्या केंद्रात घालवा, तोवर अर्ज लिहायला आणि समोरच्याचं ऐकून घ्यायला शिका. दुसऱ्या वर्षापासून प्राधिकरणाकडे जा. कॉलेज तालुक्याच्या गावी असेल तर जिल्ह्याला हेलपाटे घालण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. आणि ज्यांना कोर्टाच्या वेळेत येणं जमतच नाही, त्यांनी केंद्रातच राहावं, पण आलेल्या प्रत्येकाचं नाव, तक्रार आणि पुढची तारीख लिहिलेली वही ठेवून ती सुट्टीआधी पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.