एक फोन सिस्टीम, चार ऑफिसं आणि मधल्या भिंती: नऊ महिन्यांचा अनुभव

सीबीडी बेलापूरला सेक्टर ११ मधल्या एका मजल्याचं कामकाज मी बघते. मजल्यावर चार भाडेकरू आहेत: दोन क्लिअरिंग एजंट (कस्टममधून माल सोडवून देणारे), एक सीए आणि एक वकील. रिसेप्शन, मीटिंग रूम, इंटरनेट आणि फोन सगळ्यांचं सामाईक. गेल्या ऑक्टोबरात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून आम्ही अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारी सिस्टीम बसवली. २६ फोन, १० चॅनलची एक सिप ट्रंक (बाहेरच्या फोनांशी जोडणारी लाइन, एका वेळी १० कॉल चालतील अशी) आणि प्रत्येक ऑफिसला स्वतःचा ०२२ चा नंबर. बसवणाऱ्यांना मी एकच अट घातली होती: एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात इंटरकॉम लागता कामा नये.

ही अट का, ते आधी सांगते. न्हावा शेव्याला कंटेनर अडकला की इम्पोर्टर घाबरून फोन करतो, आणि जो आधी नीट बोलेल त्याच्याकडे काम जातं. आमचे दोन्ही एजंट त्याच पार्ट्यांच्या मागे असतात. भांडण नाही, दोघं चहाला एकत्र असतात, पण धंदा वेगळा. जुन्या सिस्टीमवर कुणीही कुणाकडे फोन लावायचा, ट्रान्सफर करायचा, आणि आठवड्याला एक तक्रार माझ्या टेबलावर असायची.

अ‍ॅस्टेरिस्कमध्ये यासाठी कॉन्टेक्स्ट, म्हणजे नंबरांचा कप्पा, असतो. प्रत्येक फोन एका कॉन्टेक्स्टमध्ये बसवायचा. त्या कप्प्यात जे नंबर लिहिलेत किंवा दुसऱ्या कप्प्यातून मुद्दाम जोडून घेतलेत, तेवढेच त्या फोनवरून लागतात. बंदी घालावी लागत नाही, परवानगी द्यावी लागते, आणि मला ही रचना मनापासून आवडली. पहिल्या एजंटला २१ ने सुरू होणारी एक्स्टेन्शन (आतले फोन नंबर) दिली, दुसऱ्याला २२, सीएंना २३, वकिलांना २४. माझ्यासमोर २१०१ वरून २२०१ लावून पाहिलं, लागलं नाही. मी सही केली.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या एजंटचे शेठ आले. "मॅडम, आमच्या पार्टीचा फोन शेजारच्यांनी उचलला." मला वाटलं गैरसमज असेल. नव्हता. जेवणाच्या वेळी त्यांच्या ऑफिसात कुणी नव्हतं, काचेपलीकडे फोन वाजत राहिला, आणि शेजारच्या मुलाने जुन्या सवयीने स्वतःच्या फोनवर स्टार ८ (दुसरीकडे वाजणारा फोन आपल्याकडे घ्यायचा कोड) दाबलं. फोन त्याच्याकडे आला. मुलगा भला, त्याने लगेच सांगितलं की हे ते ऑफिस नव्हे. पण तोवर समोरच्याने कंपनीचं नाव आणि कंटेनर नंबर सांगून टाकला होता. शेठचा आवाज चढला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

झालं असं होतं. कोणता नंबर लागेल हे कॉन्टेक्स्ट ठरवतो. वाजणारा फोन दुसरीकडून कोण उचलू शकेल, हे मात्र कॉल ग्रुप (हा फोन कोणत्या गटातला) आणि पिकअप ग्रुप (इथून कोणत्या गटाचे फोन उचलता येतात) ठरवतात, आणि त्या दोघांना तुमच्या कॉन्टेक्स्टशी देणंघेणं नसतं. आमच्याकडे २६ च्या २६ फोनांना दोन्ही ठिकाणी १ टाकलेला होता. म्हणजे पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. आता प्रत्येक ऑफिसला नावाने वेगळा ग्रुप आहे. अ‍ॅस्टेरिस्क ११ पासून अशी नावं देता येतात. आकड्यांपेक्षा नाव बरं, चूक डोळ्यांना दिसते.

त्या दिवशी टेक्निशियन दादांना मी उठू दिलं नाही. अजून कुठून गळतं, ते सगळं दाखवा म्हटलं. दोन ठिकाणं निघाली. एक पार्किंग. ७०० वर कॉल पार्क केला, म्हणजे दुसऱ्या कुणी घ्यावा म्हणून थांबवून ठेवला, की तो ७०१ ते ७२० पैकी एका नंबरावर जाऊन बसतो, आणि तो नंबर ज्याला लावता येतो त्याला तो कॉल मिळतो. आमच्याकडे तो चारही ऑफिसांना लावता येत होता. आता ज्याचा त्याचा पार्किंग लॉट वेगळा आहे. दुसरं, इतर कोणता फोन चालू आहे ते दाखवणारे फोनवरचे दिवे. वकिलांचा कोणता फोन किती वेळ लाल आहे, हे सीएंच्या फोनवर दिसत होतं. वकील म्हणाले, "कोण कधी बोलतंय हीसुद्धा पक्षकाराची माहिती आहे." बरोबरच आहे. तेही बंद केलं.

बाहेर जाणाऱ्या कॉलवर सुरुवातीला सगळ्यांचा एकच नंबर दिसायचा, त्यामुळे उलट येणारे फोन रिसेप्शनच्या ताईंवर आदळायचे. ते एका दुपारी सुटलं. बिलाचं कोडही तेव्हाच ऑफिसवार टाकून घेतलं, आता वाटणीवरून वाद होत नाही.

एक प्रश्न मला बरेच जण विचारतात: शेजाऱ्याचा ०२२ चा पूर्ण नंबर फिरवला तर? लागतो. तो कॉल ट्रंकवरून बाहेर जाऊन परत आत येतो आणि दोन चॅनल अडवतो. मी तो बंद केला नाही. जो नंबर सगळ्या मुंबईला लागतो तो शेजाऱ्याला लागला तर बिघडत नाही. त्यांच्याकडे तो बाहेरचा कॉल म्हणूनच वाजतो.

फेब्रुवारीत सीएंना तीन फोन वाढवून दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे सगळ्यांना लागू लागले. काम लवकर उरकावं म्हणून कुणीतरी सामाईक कप्प्यात एक ओळ टाकली होती: २ ने सुरू होणारा कोणताही चार आकडी नंबर चालेल. तो कप्पा चारही ऑफिसांना जोडलेला, म्हणून त्या एका ओळीने चार महिन्यांचं काम पाण्यात. तेव्हापासून माझ्याकडे कागदावर तक्ता आहे. चार ऑफिसं आणि रिसेप्शन, म्हणजे २० दिशा. त्यातल्या ऑफिस ते ऑफिस १२ लागायला नकोत, रिसेप्शनशी जोडणाऱ्या ८ लागायलाच हव्यात. सिस्टीमला कुणीही हात लावला की मी आणि ताई सगळे फिरवून बघतो, पिकअप आणि पार्किंगसकट. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि मग जूनचा पाऊस. रात्री साडेआठला वकिलांच्या छताच्या एसीतून पाणी गळायला लागलं आणि भिंतीखालून सीएंच्या फायलींच्या खोलीकडे निघालं. वकिलांकडची मुलगी एकटीच थांबलेली. तिने सीएंना इंटरकॉम लावला, नुसता टूं टूं. रिसेप्शन सातला बंद होतं. सीएंकडे आत दोघं काम करत बसले होते, आणि या मुलीला वाटलं फोनच मेला. शेवटी तिने जाऊन दार वाजवलं. फायली वाचल्या. पण ही चूक माझी होती. कोण कुणाला लागू नये याचा मी इतका विचार केला, आणि अडचणीत कोण कुणाला लागलंच पाहिजे याचा नाही.

आता प्रत्येक कप्प्यात ९ आहे. दिवसा तो ताईंकडे वाजतो, सातनंतर आपोआप खाली वॉचमन काकांच्या टेबलावर. ११२ आणि १०१ सगळ्या फोनांवरून थेट लागतात का, हे मी स्वतः बघून घेतलं. आणि बंद नंबर लावला तर टूं टूं ऐवजी ताईंच्या आवाजात येतं: "हा नंबर या फोनवरून लागत नाही. मदत हवी असेल तर ९ दाबा."

मीटिंग रूमचा फोन अजून सुटलेला नाही. तो कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. सध्या त्यावरून फक्त ९ आणि आणीबाणीचे नंबर लागतात, म्हणून लोक आत मोबाईल घेऊन बसतात. ऑफिसवार पिन टाकली की त्या ऑफिसच्या कप्प्यातून आणि त्याच्याच नंबराने कॉल जावा, असं दादांकडून करून घेणार आहे. ते झालं की तक्त्यात एक रकाना वाढेल, २० च्या ३० दिशा होतील.